वेलीचं पाणी

मामंजींनी वेलीला पाणी घालणं थांबवावं, एवढंच माझं म्हणणं होतं. त्या भाद्रपदात मी ते गोड बोलून सांगितलं, तिरकं बोलून सांगितलं, ह्यांच्या तोंडूनही वदवून पाहिलं. मामंजी दर वेळी मान डोलवायचे. आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मागच्या अंगणातून आडावरच्या रहाटाचा आवाज यायचाच.

मामंजी म्हणजे माझे सासरे, व्यंकटराव. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले होते, त्यामुळे पोस्टमन दारात आला तरी ‘आइये’ म्हणायचे. हुकूम आला की त्याची तामील करायची, यापलीकडे त्यांना नोकरीनं काही शिकवलं नाही, असं सासूबाई त्यांच्या तोंडावर म्हणायच्या आणि मामंजी त्यावरही मान डोलवायचे.

आमचं घर सेलूला, स्टेशनच्या बाजूच्या गल्लीत. मागं अंगण, अंगणात आड, आणि आडाला लागून लोखंडी पाइपांच्या मांडवावर द्राक्षाची वेल. अनाबेशाही जातीची. सासूबाईंचं, नर्मदाबाईंचं माहेर दौलताबादेच्या बाजूचं. तिथून त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून एक काडी आणली होती. सेलूच्या लोकांना कापूस ठाऊक. द्राक्षं परसात लागतात हे कुणाला खरं वाटायचं नाही. फाल्गुनात बायका काहीतरी निमित्त काढून मागच्या दारानं यायच्या आणि मांडवाखाली उभ्या राहून वर बघत राहायच्या. सासूबाई ऐटीत एकेक घड कापून द्यायच्या. बाईचा स्वभाव कडक होता, माझं आणि त्यांचं महिन्यातून दोनदा तरी वाजायचं, पण द्राक्षं वाटताना त्यांचा हात सैल असे.

घड असे आपोआप येत नाहीत, हे मला त्या घरात आल्यावर पहिल्याच वर्षी कळलं. चैत्रात फळं संपली की एक छाटणी आणि पाटीभर शेणखत. आषाढानंतर दसऱ्यापर्यंत शेण बंद, युरिया तर नावालाही नाही, फक्त चाळलेली राख. ती चाळायचं काम माझ्याकडं. आणि गणपती उठले की वेलीचं पाणी तोडायचं. पुरतं तोडायचं. त्या दिवसांत आडावर मी तोंड धुताना पाणी वेलीकडं गेलं तरी सासूबाई आतून ओरडायच्या, “सुमंगल, तिला निजू दे की गं!” थंड मुलखात वेलीला थंडी निजवते. आपल्याकडं थंडी पडायच्या आधी तिला आपणच निजवायचं असतं. पानं पिवळी पडतात, काड्या तपकिरी आणि कडक होतात, वेल मेल्यासारखी दिसते. मग दसरा झाला की छाटायची, मुळाशी खत भरायचं आणि पोटभर पाणी द्यायचं. जी निजली ती जागी होताना घड घेऊन येते. जिला निजूच दिलं नाही, ती नुसती पानं काढत राहते.

सासूबाई आदल्या वर्षी श्रावणात गेल्या. नांदेडला पोटाचं ऑपरेशन झालं आणि त्यातून त्या उठल्या नाहीत. त्या वर्षी कुणाचं वेलीकडं लक्ष नव्हतं, आणि ज्यांचं होतं त्यांनी तिची वाट लावली. चौदावा झाला आणि मामंजींनी वेल हाती घेतली. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात तुळशीला कधी पाणी घातलं नव्हतं, तो सकाळी दोन कळशा आणि संध्याकाळी दोन कळशा वेलीला घालू लागला. सोसायटीतून युरिया आणला. पानं जेवायला घेता येतील एवढी मोठी झाली. मांडवाखाली दुपारीसुद्धा अंधार. फाल्गुन आला, बायका आल्या, वर बघून गेल्या. एकही घड नाही.

त्या संध्याकाळी मामंजी ह्यांना म्हणाले, “माधव, तिची नाराजी आहे माझ्यावर. एक वर्ष अजून बघू. पुढल्या फाल्गुनात घड नाही आले तर वेल काढून टाक. मला रोज बघवत नाही.”

हे बँकेत कॅशियर. घरात कुणी काही बोललं की ‘बघू’ म्हणायची सवय. तेव्हाही ‘बघू’ म्हणाले. माझं मात्र ‘बघू’वर भागणार नव्हतं. मामंजी सकाळी उठत होते ते त्या वेलीसाठी, चार घास जेवत होते ते तिच्याखाली खुर्ची टाकून. वेल गेली की ह्या माणसाला अंथरुणातून उठवणार काय? वेलीला घड येणं ही माझ्या दृष्टीनं आता द्राक्षांची गोष्ट राहिली नव्हती.

आणखी एक गोष्ट मला खुपत होती, आणि ती मी कुणाला बोलले नव्हते. सासूबाई गेल्यापासून मामंजींनी माझ्याकडं पाणी मागितलं नव्हतं. चहा मागत, ताक मागत, पाणी नाही. जेवताना उठून स्वतः माठातून घ्यायचे. पाहुण्यांसमोरही तेच. मी तांब्या-भांडं आधीच भरून ठेवू लागले, तर ते तसंच राहायचं आणि मामंजी पुन्हा माठाकडं. पाहुण्यांना वाटावं, सून म्हाताऱ्याला पाणीसुद्धा विचारत नाही. मी मनातल्या मनात खूप चिडायचे. माझं काय चुकलं हे तरी सांगावं ना माणसानं.

तर त्या वर्षी गणपती उठले आणि मी वेलीचं पाणी तोडायला निघाले. पाऊस पोळ्यानंतर फिरकला नव्हता, म्हणजे तेवढं तरी नशीब. पण दोन दिवसांत पितृपंधरवडा लागला आणि मामंजींना निमित्तच मिळालं. रोज दुपारी दर्भ आणि काळे तीळ घेऊन दक्षिणेकडं तोंड करून तर्पणाला बसायचे. आधी वाडवडील, शेवटी पत्नी. तर्पणाचं पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून झाडाच्या बुंध्याशी घालतात, ते मामंजी नेमकं वेलीला घालायचे. ताम्हनातलं पाणी ते केवढं! तेवढ्यानं वेल काही जागी राहत नव्हती. पण ताम्हनापाठोपाठ कळशी जायची, आणि कळशीपाठोपाठ दुसरी. धर्माचं काम म्हटल्यावर मी तरी काय बोलणार?

अविधवा नवमीपर्यंत मी दात-ओठ खात गप्प बसले. नवऱ्यामागं राहिली नाही त्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी असतं. सवाष्ण जेवून ओटी घेऊन गेली, हे ओसरीवर लवंडले. मी मागं भांडी ठेवायला गेले तर मामंजी आडावरून भरलेली कळशी घेऊन वेलीकडं निघालेले. वेलीच्या शेंड्यांना कोवळी, पोपटी पालवी फुटलेली. भाद्रपद सरत आला, आणि हिला पालवी! माझं डोकं फिरलं. मी पुढं झाले आणि सासऱ्यांच्या हातातली कळशी चक्क हिसकावून घेतली.

“मामंजी, पाणी पाजून पाजून जीव घ्यायचाय का तिचा?”

ते माझ्याकडं बघत राहिले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

“पाणी पाजून कुणाचा जीव गेलाय गं?” ते म्हणाले. “न पाजता जातो.”

ते आडाच्या कट्ट्यावर बसले आणि माझ्याकडं न बघता बोलू लागले.

“नांदेडला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चोवीस तास पाण्याचा थेंब द्यायचा नाही. तुमी दोघं घरी आला होता अंघोळीला. मी एकटाच होतो तिच्यापाशी. ती शुद्धीवर आली अन् पाणी मागायली. अहो, एक घोट. एकच घोट. मी म्हणलं, हुकूम नाही. पुन्हा मागायली. मी तिला घड्याळ दाखवलं, सुमंगल. म्हणलं, हे बघ, एवढेच तास राहिले. असं मी तिला दुपारभर घड्याळ दाखवायलो. अन् ते तास पुरे व्हायच्या आधीच ती गेली. डॉक्टरचं चुकलं असं मी म्हणत नाही. डॉक्टरनं बरोबरच सांगितलं असंल. पण ती जाणारच होती तर एक घोट दिला असता मी. सगळी जिंदगी तामील करण्यात गेली. तो एक हुकूम मोडला असता तर काय बिघडलं असतं?”

कळशी माझ्या कमरेवर तशीच. पाणी हिंदकळून माझं लुगडं भिजत होतं. वर्षभर मी ज्या गोष्टीवरून धुसफुसत होते तिचा अर्थ मला तिथं उभ्या उभ्या कळला. ज्यानं बायकोला पाणी दिलं नाही त्यानं कुठल्या तोंडानं कुणाकडं पाणी मागायचं, असं ह्या माणसानं स्वतःशी ठरवून टाकलं होतं. मला रडू आलं. स्वतःची लाजही वाटली. क्षणभर वाटलं, देऊन टाकावी कळशी त्यांच्या हातात, घालू देत काय घालायचं ते, मरो ती द्राक्षं.

पण मग फाल्गुन डोळ्यांपुढं आला. रिकामा मांडव, आणि ‘तिची नाराजी’ म्हणत कुऱ्हाड मागणारे मामंजी.

“मामंजी,” मी म्हणाले, “दवाखान्यातलं मला काही कळत नाही. तुमी तिथं होता, मी नव्हते. पण वेलीचं मला कळतं. तुमी आधी कचेरीत, मग पुढच्या ओसरीवर, तुमाला दिसलं नाही. सासूबाई दर वर्षी ह्याच दिवसांत हिचं पाणी तोडायच्या. स्वतःच्या हातानं. मी इथं चूळ भरली तरी अंगावर यायच्या. मग काय त्यांची हिच्यावर माया नव्हती?”

“ती तोडायची?”

“दर वर्षी. निजू दे म्हणायच्या तिला.”

“मला जमायचं नाही,” ते म्हणाले.

“मग मी तोडते. तुमी फक्त ओतू नका.”

“अन् हे?” त्यांनी ताम्हनाकडं बोट केलं.

“पलीकडच्या पेरूला घाला. पेरूसुद्धा त्यांनीच लावलाय.”

पेरूला त्या दिवसापासून चांगले दिवस आले.

मामंजींनी शब्द पाळला. पण त्यांचे हाल बघवत नव्हते. पहिल्यांदा पोपटी शेंडे मान टाकू लागले. मग पानांच्या कडा पिवळ्या पडल्या, मग पानं गळू लागली. ते खुर्ची वेलीकडं पाठ करून टाकायचे आणि दर थोड्या वेळानं मान वळवून बघायचे. अमावास्येच्या आसपास गावात विद्यापीठाच्या नामांतराच्या मागणीचा बंद होता, बँकेला कुलूप, त्यामुळे हे घरात सापडले. त्यांच्या हाती कुदळ दिली आणि बुंध्याभोवतीची माती काढून घेतली. वरची मुळं उघडी करून उन्हात तापू द्यायची, हीही सासूबाईंचीच रीत. हे हातभर खणून ‘बघू’ म्हणत बसले, उरलेलं मी खणलं.

आमची जमीन बटईनं करणारा आश्रुबा शेणखताची गाडी घेऊन आला. त्यानं ती उघडी मुळं आणि पिवळी वेल बघितली आणि डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

“गेली का वो, वहिनी?”

“निजलीय.”

“मला कापसाचं इचारा, ह्यातलं काय बी समजत न्हाई,” तो म्हणाला. “पर आसं निजल्यालं म्या फकस्त मसणात पाहिलंय. लय वंगाळ दिसायलंय.”

मी डोळे वटारले. मामंजींनी ते ऐकलं होतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

नवरात्रात माझ्या लक्षात आलं की माठातलं पाणी कमी होत नाही. मामंजी सकाळचा चहा सोडला तर दिवे लागेपर्यंत पाण्याला शिवत नव्हते. ओठांना भेगा पडलेल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “तिचं तोडलंय, मी कसा पिऊ?”

ह्यावर मात्र मी तोंड सोडलं. आजारी पडलात तर उस्तवार कोण करणार, लोक माझ्या तोंडात शेण घालतील, वेलीला निजायचंय तुमाला नाही, असं जे सुचलं ते सगळं बोलले. एवढ्यानं भागेना तेव्हा म्हणाले, “ठीक आहे, मग मीही दिवसाचं पाणी पीत नाही. माझा तर नवरात्राचा उपासच आहे.” मामंजी मुकाट्यानं उठले, माठातून अर्धं भांडं घेतलं आणि औषधासारखं गिळलं. रोज दुपारी मी समोर उभी राहून एवढं अर्धं भांडं वसूल करत असे.

दसरा झाला. एकादशीला सकाळी मी सासूबाईंची कात्री काढली. गंजून बसली होती, खोबरेल तेल घातल्यावर उघडली. वेलीवर पान उरलं नव्हतं. काड्या तपकिरी, कडक. नखानं खरवडून पाहिलं तर आत बारीकशी हिरवी रेघ होती. मला हायसं वाटलं, पण मी बोलले नाही. अजून काही खरं नव्हतं.

मी स्टुलावर, मामंजी स्टूल धरून. काडीचे चार-पाच डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवायचे आणि वरचं उडवायचं. अर्धा मांडव झाल्यावर माझा हात भरून आला. एक अंगठ्याएवढी जुनी फांदी राहिली होती, तिच्यावर कात्री चालेना.

“मामंजी, एवढी तुमी घ्या.”

“मी नाही.”

“माझ्यात जोर नाही आता.”

ते स्टुलावर चढले, मी स्टूल धरलं. दोन्ही हातांनी दाबून त्यांनी ती फांदी तोडली आणि तसेच उभे राहिले. मला वाटलं चक्कर आली. वर बघितलं तर तोडलेल्या टोकावर पाण्याचा थेंब जमत होता. तो फुगला आणि त्यांच्या मनगटावर पडला. मागून दुसरा आला. मग तिसरा.

“सुमंगल,” ते म्हणाले, “हिच्यातून पाणी गळायलंय.”

“गळतंच. छाटलं की गळतं.”

“पण आपण दिलं नव्हतं की.”

“आपण वरून दिलं नव्हतं. तिची मुळं आडाच्या झऱ्यापर्यंत गेलीत. सासूबाई म्हणायच्या, ती खालून पिते.”

त्यांनी तळहात फांदीखाली धरला. थेंब पडत होते, ते बघत होते.

“म्हणजे तहानलेली नव्हती ती?”

“नव्हती,” मी म्हणाले. “निजली होती.”

बाईचं आणि वेलीचं एक नसतं, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. मी काही त्यांची समजूत घालायला बोलले नाही, जे खरं होतं ते सांगितलं. पण मामंजींनी तो ओला हात तोंडावरून फिरवला आणि स्टुलावरून उतरून कट्ट्यावर बसले. खांदे हलत होते. मी उरलेल्या काड्या गोळा करत दुसऱ्या बाजूला गेले. रडणाऱ्या सासऱ्यासमोर सुनेनं उभं राहू नये.

दुपारी मुळाशी खत भरलं. शेणखत, निंबोळी पेंड, राख. शेवटी मी कोठीतून सासूबाईंची राखून ठेवलेली पिशवी आणली. “आणि हा चुना,” मी म्हणाले. सासूबाईंनी मला तसंच बजावून ठेवलं होतं. आत हाडांचा चुरा होता, आणि संध्या-तर्पण करणाऱ्या माणसाच्या घरात ते नाव काढायची सोय नव्हती.

मामंजींनी चिमूट घेऊन वास घेतला. “हाडाचा चुरा आहे हा.”

मी पिशवीचं तोंड मुठीत आवळलं.

“पहिल्या सालापासून माहीत आहे मला,” ते म्हणाले. “ती चुना म्हणायची, मी चुना समजायचो.” आणि त्यांनी सगळी पिशवी स्वतःच्या हातानं मुळाशी रिकामी केली. वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू दिसलं. माती लोटून झाल्यावर रहाटाला कुणाला हात लावू दिला नाही. अंधार पडेपर्यंत पाणी ओढत होते.

त्यानंतर बघत बसण्यापलीकडं काही काम नव्हतं. डोळे फुगले, मग फुटले. गुलाबीसर पालवी आली. पालवी तर गेल्या वर्षीही आली होती, म्हणून मी कुणाला आशा लावली नाही. मामंजी रोज चष्मा पुसून मांडवाखाली उभे राहायचे आणि काही न बोलता आत यायचे. मीही विचारायचे नाही.

दिवाळीच्या पाडव्याला मी अनारसे तळत होते. हे बाहेर गेलेले. मागून मामंजींचा आवाज आला, एवढा मोठा की माझ्या हातातला झारा कढईत पडला.

“सुमंगल! अगं सुमंगल!”

धावत गेले. मामंजी ह्या वयात एकटेच स्टुलावर चढलेले. एका हातानं मांडवाचा पाइप धरलेला, दुसऱ्या हातात कोवळी फूट. तिच्या तिसऱ्या-चौथ्या पानासमोर हिरवा, बाजरीच्या दाण्यांसारख्या बारीक कळ्यांचा, बोटाच्या पेराएवढा घड. शेजारच्या फुटीवर दुसरा. पलीकडं आणखी. मला ओरडावंसं वाटलं, पण मी आधी स्टूल धरलं.

ते सावकाश उतरले. खुर्चीत बसले, वेलीकडं तोंड करून. उपरण्यानं कपाळ पुसलं.

“पाणी आण गं,” ते म्हणाले.

“तिला पहाटेच दिलंय की तुमी. आता नको.”

“तिला नाही. मला.”

मी आत गेले. माठातून तांब्या भरला, भांडं घेतलं, आणि डोळे पदरानं पुसूनच बाहेर आले. त्यांनी भांडं बाजूला ठेवलं, तांब्या उचलला आणि वरून धार धरून घटाघटा प्यायले. थोडं अंगरख्यावर सांडलं. रिकामा तांब्या त्यांनी माझ्यापुढं केला.

“आणखी आण,” मामंजी म्हणाले.